गुरू म्हणजे थोडक्यात हुकलेला तारा नव्हे

परवा रात्री गच्चीवर दुर्बीण लावली होती, गुरू चांगला वर आला होता आणि भाचीला पहिल्यांदाच त्याचे पट्टे दिसले. पट्टे म्हणजे काही भडक वगैरे नसतात, पिवळसर पांढऱ्या छोट्याशा थाळीवर दोन पुसट तपकिरी रेघा आणि थाळीच्या आजूबाजूला एका ओळीत चार ठिपके, ते त्याचे मोठे चंद्र. हवा हलली की सगळं चित्र थरथरतं, मग मध्येच दोन सेकंद एकदम स्थिर होतं आणि रेघांच्या कडा स्पष्ट दिसतात, त्या दोन सेकंदांसाठीच थांबायचं असतं. ती थांबली होती. आणि डोळा न काढताच तिनं विचारलं, "मावशी, हा सगळा गॅसचाच आहे ना, सूर्यासारखा? मग हा पेटला का नाही?"

मी म्हणाले, वजन कमी पडलं त्याचं. तिनं लगेच विचारलं, "वजनानं कसं काय पेटतं?"

खरं आहे तिचं. "वजन कमी पडलं" हे उत्तर सगळीकडे मिळतं आणि ते चूक नाहीये, पण त्यातून काहीच कळत नाही. दोन दिवस डोक्यात हेच चाललंय, म्हणून सगळं नीट लिहून काढतेय.

आधी तो "पेटणं" शब्द बाजूला ठेवूया, कारण बराचसा घोळ तिथेच होतो. मेणबत्ती पेटते तेव्हा मेण हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतं, ती केमिस्ट्री आहे. गुरूवर हायड्रोजन भरपूर आहे पण त्याला जाळायला मोकळा ऑक्सिजन नाही, त्यामुळे गुरूवर कितीही ठिणग्या पाडल्या, आणि तिथे विजा तर खरंच कडाडतात, तरी काही पेट घेणार नाही. २००३ मध्ये गॅलिलिओ यानाचं काम संपल्यावर नासानं ते मुद्दाम गुरूमध्ये सोडलं, यानात वीज बनवण्यासाठी प्लुटोनियम होतं, तेव्हा त्यानं गुरूचा स्फोट होईल, त्याचा छोटा सूर्य होईल अशी भीती काही लोकांनी पसरवली होती. २१ सप्टेंबरला यान आत गेलं, वितळून वाफ झालं, गुरूला काहीही झालं नाही. आणि काही होणं शक्यच नव्हतं.

सूर्यसुद्धा त्या अर्थानं जळत नाहीये. तिथे हायड्रोजनच्या अणूंची केंद्रकं एकमेकांत मिसळून हेलियम बनतो, म्हणजे फ्यूजन, आणि त्यात सुमारे ०.७ टक्के वस्तुमान ऊर्जेत बदलतं. ऐकायला सोपं वाटतं, घडायला मात्र भयंकर अवघड, कारण दोन प्रोटॉन, दोघंही धन भाराचे, एकमेकांना जोरात ढकलतात. जवळ आणायचे तर प्रचंड वेग हवा, म्हणजे प्रचंड तापमान हवं. सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंश तापमान आहे आणि नुसत्या वेगावर जायचं तर तेही पुरत नाही, क्वांटमच्या नियमांमुळे एखादा प्रोटॉन क्वचित कधीतरी ती भिंत न चढताच पलीकडे निघतो, त्याला टनेलिंग म्हणतात, तेवढ्यावर सूर्याचं चालतं. आणि एवढं होऊनही बहुतेक टकरी फुकट जातात, कारण पहिल्या पायरीला दोनातल्या एका प्रोटॉनचं नेमक्या त्याच क्षणी न्यूट्रॉनमध्ये रूपांतर व्हावं लागतं आणि ते फारच दुर्मिळ आहे. सूर्याच्या गाभ्यातल्या एका प्रोटॉनला याची सरासरी काही अब्ज वर्षं वाट बघावी लागते!

याचा एक परिणाम मला फार आवडतो. सूर्याची सगळी ऊर्जा त्याच्या वजनानं भागा, किलोमागे एका वॅटचा सुमारे पाच हजारावा भाग येतो. माणसाचं शरीर नुसतं बसल्या बसल्या किलोमागे एक वॅटपेक्षा जास्त उष्णता टाकतं. म्हणजे किलोला किलो धरलं तर तुम्ही सूर्यापेक्षा हजारो पट जास्त ऊर्जा बाहेर टाकताय. सूर्य एवढा तळपतो तो आतली आग जोरदार आहे म्हणून नाही, तो अतोनात मोठा आहे म्हणून, आणि आग मंद आहे म्हणूनच ती १००० कोटी वर्षं पुरते.

तर आता वजनाचं. वायूचा मोठा ढग स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणानं आकसायला लागतो आणि आकसला की गरम होतो, सायकलला हवा भरताना पंप कसा गरम लागतो तसं. गरम झाला की आतला दाब वाढतो, तो दाब गुरुत्वाकर्षणाला थोपवून धरतो, आकसणं मंदावतं. पण थांबत नाही, कारण पृष्ठभागावरून उष्णता सतत अवकाशात निघून जात असते, जेवढी गेली तेवढा आधार कमी झाला म्हणून गोळा अजून थोडा आकसतो आणि त्यानं आतून अजून थोडा तापतो. हे वाक्य परत एकदा वाचा, कारण ते आपल्या रोजच्या अनुभवाच्या उलटं आहे: उष्णता गमावत गमावत हा गोळा जास्त गरम होत जातो. हे असंच चालू राहिलं असतं तर गुरूएवढा गोळासुद्धा आज ना उद्या फ्यूजनच्या तापमानाला पोचला असता, घाई कसली, वेळ भरपूर आहे.

मग अडतं कुठे? इलेक्ट्रॉनमध्ये.

माझ्या मते या विषयाचा प्राण हाच आहे आणि नेमका हाच भाग सगळीकडे गाळला जातो. पाउली नावाच्या शास्त्रज्ञानं १९२५ मध्ये मांडलेला नियम आहे की दोन इलेक्ट्रॉन एकाच वेळी अगदी एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत. नाट्यगृहात एका खुर्चीवर एकच माणूस, तसं समजा. गोळा आकसत गेला की खुर्च्या भरत जातात, पुढच्या सगळ्या भरल्या की नव्यांना मागे, वरच्या रांगेत, म्हणजे जास्त ऊर्जेच्या अवस्थेत जावं लागतं. आणि ही दाटी स्वतःच एक दाब तयार करते. या दाबाची खासियत अशी की तो तापमानावर अवलंबून नसतो, गोळा थंड झाला तरी तो तसाच राहतो. म्हणजे आता उष्णता निघून गेली तरी आधार कमी होत नाही, आधार कमी होत नाही म्हणून आकसणं थांबतं आणि आकसणं थांबलं की तापणंही थांबलं. तिथून पुढे त्या गोळ्याला एकच दिशा, थंड होत जाणं.

म्हणजे ही खरं तर शर्यत आहे. एकीकडे गाभ्याचं तापमान वर चढतंय, दुसरीकडे इलेक्ट्रॉनची दाटी वाढतेय. दाटी व्हायच्या आधी गाभा साधारण ३० लाख अंशांवर पोचला तर हायड्रोजनचं फ्यूजन सुरू होतं आणि पृष्ठभागावरून जेवढी उष्णता जाते तेवढी आतून भरून निघते, गोळा आहे त्या आकाराला थांबतो, त्याला आपण तारा म्हणतो. दाटी आधी झाली तर संपलं. या शर्यतीत तापमान कुठवर चढेल ते वस्तुमान ठरवतं, आणि "वजनानं कसं पेटतं" या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

ही सीमा गुरूच्या साधारण ७५ ते ८० पट वस्तुमानाला येते. गुरूच्या गाभ्यात आज अंदाजे २० हजार अंश तापमान आहे, कुठे २० हजार आणि कुठे ३० लाख.

म्हणून मला तो "फेल झालेला तारा" हा शब्द अजिबात पटत नाही. परवा एका व्हिडिओत ऐकलं की गुरू जरासा मोठा असता तर आपल्या आकाशात दोन सूर्य असते. जरासा? आपल्या सूर्यमालेतले बाकी सगळे ग्रह, शनी, युरेनस, नेपच्यून, पृथ्वी, सगळे उचलून गुरूमध्ये ओतले तरी गुरू दीडपटसुद्धा होत नाही. बाकी सगळे मिळूनच गुरूच्या निम्म्याहून कमी भरतात. ८० गुरू आणणार कुठून? ज्या मुलानं परीक्षेचा फॉर्मच भरला नाही त्याला नापास म्हणत नाहीत. गुरू हा ग्रहच आहे, पूर्ण, यशस्वी आणि भव्य ग्रह, पृथ्वीच्या ३१८ पट वस्तुमानाचा.

आता आकाराबद्दल थोडं, कारण इथे डोळे फसतात. आपल्याला वाटतं ग्रह लहान, मग हळूहळू मोठे होत गेले की तारे. पण शनी आणि गुरूच बघा. गुरूचं वस्तुमान शनीच्या तिपटीहून जास्त, आणि व्यास? शनीचा सुमारे १ लाख २० हजार किलोमीटर, गुरूचा १ लाख ४३ हजार. तिप्पट माल भरला आणि रुंदी वाढली पाचव्या हिश्श्यानं, बाकी सगळं दाबून बसलं. गुरूच्या पुढे तर माल घालत गेलात तरी व्यास वाढतच नाही म्हटलं तरी चालेल, मधल्या टप्प्यात तो उलट थोडा कमी होतो, आणि गुरूपासून थेट सगळ्यात छोट्या ताऱ्यापर्यंत सगळे साधारण एकाच मापाचे. २०१७ मध्ये एका जोडताऱ्यातला असा एक छोटा तारा जाहीर झाला, ईबीएलएम जे ०५५५-५७ एबी असं त्याचं लांबलचक नाव, वस्तुमान गुरूच्या सुमारे ८५ पट आणि आकार शनीपेक्षा जेमतेम मोठा. म्हणजे गुरूहून लहान असलेला खराखुरा तारा. गाभ्यात फ्यूजन चालू आहे आणि आग इतकी मंद की असे तारे लाखो कोटी वर्षं टिकतात, विश्वाचं आत्तापर्यंतचं सगळं वय त्यापुढे काहीच नाही.

मग १ गुरू आणि ८० गुरू यांच्या मध्ये काय आहे? ही गोष्ट मला सगळ्यात जास्त भावते. १९६२-६३ च्या सुमारास शिव कुमार या भारतीय वंशाच्या खगोलशास्त्रज्ञानं गणित करून दाखवलं की एका मर्यादेखालचे गोळे ताऱ्यासारखे जन्मतील पण हायड्रोजनचं फ्यूजन त्यांना टिकवता येणार नाही, इलेक्ट्रॉनची दाटी त्यांना आधीच अडवेल, आणि मग ते विझत विझत जातील. वर सांगितलेली शर्यत ती हीच. १९७५ मध्ये जिल टार्टर यांनी त्यांना ब्राऊन ड्वार्फ, म्हणजे तपकिरी बटू, हे नाव दिलं. नाव मिळालं, गणित होतं, पण वस्तू सापडेना. वीस वर्षं शोधाशोध चालली, अनेक उमेदवार आले आणि शेवटी साधे लाल तारे निघाले.

आणि मग आलं १९९५. कृत्तिकांच्या पुंजक्यात तैदे-१ हा तपकिरी बटू सापडला. त्याला ओळखायची युक्ती फार सुंदर आहे, लिथियमची. हायड्रोजनच्या फ्यूजनसाठी लागणाऱ्या तापमानाच्या जरा आधीच लिथियम नष्ट होतो, आणि इतक्या छोट्या ताऱ्यात सगळा माल सतत वरखाली घुसळत असतो, त्यामुळे खरा तारा असेल तर काही कोटी वर्षांत त्यातला सगळा लिथियम गाभ्यात जाऊन संपून जातो. कृत्तिकांचं वय दहा-बारा कोटी वर्षं, म्हणजे तिथे एवढ्या मंद ठिपक्यात लिथियम अजून शिल्लक दिसला तर तो तारा नाही. दिसला! त्याच वर्षी ग्लिझ २२९ या १९ प्रकाशवर्षांवरच्या लाल ताऱ्याजवळ दुसरा एक मंद गोळा जाहीर झाला, त्याच्या वर्णपटात मिथेन होता. मिथेन ताऱ्याच्या उष्णतेत टिकत नाही, तो गुरूवर सापडतो, त्यामुळे तो वर्णपट बघणाऱ्यांना काय वाटलं असेल याची मी बरेचदा कल्पना करते. त्याच वर्षी सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला ग्रह, ५१ पेगासी बी, मेयर आणि केलोझ यांनी जाहीर केला, आणि डिसेंबरमध्ये गॅलिलिओनं सोडलेली कुपी गुरूच्या वातावरणात उतरली आणि तासभर माहिती पाठवत राहिली. एका वर्षात रिकाम्या जागेची दोन्ही टोकं भरायला लागली.

(ग्लिझ २२९ बी ची गोष्ट अजून पुढे आहे. त्याचं वस्तुमान मोजलं तर गुरूच्या सुमारे ७० पट भरायचं आणि तेवढ्या वजनाच्या मानानं तो फारच मंद होता, हिशोबच बसेना. २०२४ मध्ये उलगडा झाला, तो एक नाहीच, दोन आहेत, गुरूच्या ३८ आणि ३४ पट, १२ दिवसांत एकमेकांभोवती फिरणारे. गणित बरोबर होतं, आपल्याला दोघं मिळून एकच दिसत होते.)

खालची सीमा मात्र मला इतकी समाधानकारक वाटत नाही. गुरूच्या सुमारे १३ पटीच्या वर गोळा गेला की त्यात ड्युटेरिअम, म्हणजे जड हायड्रोजन, फ्यूज व्हायला लागतो, तो १० लाख अंशांच्या आसपासही चालतो कारण सगळ्यात अवघड पहिली पायरी तिथे आधीच झालेली असते. म्हणून १३ च्या खाली ग्रह आणि वर तपकिरी बटू अशी रेघ बऱ्याच ठिकाणी धरतात. पण ड्युटेरिअम असतो किती, हायड्रोजनच्या हजारो अणूंमागे एखादा. तो लवकरच संपतो आणि त्यानं त्या गोळ्याच्या आयुष्यात फार फरक पडत नाही. तारा होण्याची रेघ निसर्गानं आखलेली आहे, ही १३ ची बरीचशी आपली सोय आहे.

मला विचाराल तर ग्रह ओळखावा तो जन्मावरून. तारा ढग कोसळून बनतो, वरून खाली, सगळा माल एकदम. गुरूसारखा ग्रह बहुधा उलटा बनतो, नव्या ताऱ्याभोवतीच्या तबकडीत आधी बर्फ आणि खडकांचा गोळा जमतो, तो पृथ्वीच्या दहाएक पट झाला की आजूबाजूचा हायड्रोजन-हेलियम ओढायला लागतो, आणि हे सगळं तबकडीतला वायू उडून जायच्या आत, म्हणजे काही दशलक्ष वर्षांत, उरकावं लागतं. या जन्माची खूण गुरूच्या अंगावर आहे. गॅलिलिओच्या कुपीनं मोजलं तर कार्बन, अर्गॉन, क्रिप्टॉन असे जड पदार्थ हायड्रोजनच्या प्रमाणात सूर्याच्या दोन ते चार पट निघाले. दोघं एकाच ढगातले, तरी गुरूच्या अंगात जड मालाचा वाटा जास्त. म्हणून "सूर्यासारखाच गॅसचा" हे भाचीचं वाक्यही अर्धंच खरं आहे.

अडचण एवढीच की जन्म आपल्याला बघायला मिळत नाही. एचआर ८७९९ नावाच्या ताऱ्याभोवती चार महाकाय गोळे फिरतात, गुरूच्या पाच ते दहा पट, त्यांचे थेट फोटो आहेत, ते ग्रहच म्हणून ओळखले जातात. आणि वाइज ०८५५ हा २०१४ मध्ये सापडलेला गोळा साधारण तेवढ्याच वजनाचा, पण ७.४ प्रकाशवर्षांवर एकटाच तरंगतोय, जवळ कुठलाही तारा नाही, तापमान पाणी गोठायच्या आसपास. आतून दोघं सारखे. एकाला सूर्य आहे, दुसऱ्याला नाही. दुसऱ्याला ग्रह म्हणायचं का? तो ढगातून जन्मला की कुठल्या तरी घरातून बाहेर फेकला गेला, हे त्याच्याकडे नुसतं बघून ठरत नाही, आणि मला यात कमीपणा वाटत नाही, निसर्गाला आपल्या कप्प्यांची गरज नसते.

हे सगळं काल फोनवर भाचीला सांगितलं, खुर्च्यांच्या रांगांसकट. इलेक्ट्रॉनपाशी ती गप्प झाली, मग तिनं ८० गुरू वहीत काढायचा प्रयत्न केला, आणि शेवटी विचारलं, "म्हणजे गुरू आता पूर्ण गार पडलाय?"

नाही पडलेला. साडेचारशे कोटी वर्षांपूर्वी आकसताना जी उष्णता आत अडकली ती अजून बाहेर येतेय, सूर्याकडून तो जेवढी ऊर्जा शोषतो त्याच्या जवळजवळ दुप्पट तो बाहेर टाकतो. आणि ती बाहेर पडते कुठून तर जिथे वरचे पांढरे ढग विरळ आहेत तिथून जास्त. इन्फ्रारेड कॅमेऱ्यानं गुरू बघितला तर चित्र उलटं होतं, पांढरे भाग काळे पडतात आणि तपकिरी पट्टे निखाऱ्यासारखे उजळतात. तिला म्हटलं, तू परवा ज्या दोन पुसट रेघा बघितल्यास ना, तिथूनच येतेय.